साखर, पेशी आणि कर्करोगाचे विषाणू

(कोल्हापूर येथे एका स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)



ज्या डॉक्टरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्याकडे आसपासच्या गावांतल्या बायका विश्वासाने येत. घरात कुणाला सांगता येत नाही ते दुखणे त्यांना सांगत. म्हणून आज मी जो विषय घेतला आहे, तो प्रयोगशाळेतून सुरू होत असला तरी त्या बायकांपर्यंत आणून सोडायचा, असे मी ठरवूनच आले आहे. मी जीवरसायनशास्त्र शिकवते. पेशी काय खाते, ते कसे पचवते आणि त्यातून काय उभे करते, हा माझा अभ्यासाचा भाग. काही विषाणू याच गोष्टीत हात घालतात आणि त्यातून पुढे कर्करोग होतो. आज बोलायचे आहे ते या हात घालण्याबद्दल.

सुरुवात कोंबडीपासून करावी लागेल. १९११ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत पेटन राउस या संशोधकाने कोंबडीच्या अंगातली एक गाठ वाटली आणि तो रस इतक्या बारीक गाळणीतून गाळला की त्यात पेशी तर सोडाच, जिवाणूही उरू नयेत. तो रस निरोगी कोंबडीला टोचला, तर तिलाही तशीच गाठ झाली. म्हणजे गाठ उठवणारी वस्तू जिवाणूपेक्षाही लहान होती. पुढे तो विषाणू आहे हे स्पष्ट झाले. राउस यांना नोबेल मिळाले ते १९६६ साली. मधली पन्नासहून अधिक वर्षे, विषाणूने कर्करोग होतो हे म्हणणे बहुतेक शास्त्रज्ञांना पक्ष्यांपुरते आणि उंदरांपुरतेच वाटत होते.

त्या राउसच्या गाठीवर १९२५ साली बफेलो शहरात कार्ल आणि गर्टी कोरी या दांपत्याने एक प्रयोग केला. मला तो आजही जीवरसायनशास्त्रातल्या सर्वांत सुंदर प्रयोगांपैकी एक वाटतो, कारण त्यात जवळपास काहीच उपकरण नाही. कोंबडीच्या एका पंखात ही गाठ, दुसरा पंख निरोगी. दोन्ही पंखांतून हृदयाकडे परत जाणारे रक्त काढायचे आणि शेजारी शेजारी तपासायचे. कोंबडी तीच, खाणे तेच, श्वास तोच. फरक पडला तर तो गाठीमुळेच. आणि फरक पडला. गाठीच्या पंखातून येणाऱ्या रक्तात साखर कमी होती आणि लॅक्टिक आम्ल जास्त होते. गाठ साखर ओढून घेत होती आणि अर्धवट वापरून आम्लाच्या रूपात बाहेर टाकत होती.

बर्लिनमध्ये ऑटो वॉरबुर्ग यांनी याच सुमारास गाठींच्या पातळ चकत्यांवर मोजमाप करून हेच दाखवले होते. निरोगी पेशीला ऑक्सिजन मिळाला की ती ग्लुकोज पूर्ण जाळते; ऑक्सिजन कमी पडला, म्हणजे आपण जोरात धावतो तेव्हा स्नायूत होते तसे, तेवढ्यापुरती लॅक्टिक आम्लाची वाट धरते. गाठीची पेशी मात्र ऑक्सिजन भरपूर असतानाही ती वाट सोडत नाही. हिशेबाने पाहिले तर हे नुकसानीचे काम आहे. ग्लुकोजचा एक रेणू पूर्ण जाळला तर पेशीच्या खर्चाला लागणारे एटीपीचे तीसेक रेणू तयार होतात. लॅक्टिक आम्लापाशी थांबले तर फक्त २. मग वेगाने वाढणाऱ्या पेशीने असा तोट्याचा व्यवहार का करावा?

वॉरबुर्ग यांचे उत्तर असे होते की कर्करोगाच्या पेशीची श्वसनयंत्रणाच बिघडलेली असते आणि तो बिघाडच रोगाचे मूळ आहे. १९३१ साली त्यांना श्वसनावरील कामासाठी नोबेल मिळाले आणि हे मत ते शेवटपर्यंत धरून राहिले. पण बहुतेक गाठींमध्ये तंतुकणिका, म्हणजे पेशीतली श्वसनाची केंद्रे, चालू असतात असे पुढे दिसून आले. खरे उत्तर आपल्या कोल्हापूरकरांना लवकर कळेल, कारण ते गुऱ्हाळावर रोज दिसते. गुऱ्हाळात एकाच उसाची दोन कामे असतात. चिपाड चुलवणात जाते आणि जाळ देते. रस काहिलीत जातो आणि त्याचा गूळ होतो. सगळाच ऊस जाळला तर जाळ मोठा होईल, पण ढेप एकही निघणार नाही. पेशीचे तसेच आहे. ग्लुकोज हे सरपण आहे आणि मालही आहे. स्थिरावलेली पेशी बहुतेक ग्लुकोज सरपण म्हणून वापरते, कारण तिला नवे काही बांधायचे नसते. जिला एकाच्या दोन पेशी करायच्या आहेत तिला मात्र डीएनए हवे, नव्या आवरणासाठी चरबी हवी, नवी प्रथिने हवीत. या सगळ्याचा कार्बनी सांगाडा ग्लुकोजच्या तुटलेल्या तुकड्यांतून येतो. म्हणून ती ग्लुकोज भराभर आत ओढते, त्यातला काही भाग बांधकामाकडे वळवते आणि उरलेल्याचे लॅक्टिक आम्ल करून मोकळी होते. जखम भरताना आपल्या निरोगी पेशीही थोडा काळ हेच करतात. ते थांबवायचे केव्हा, हे त्यांना माहीत असते.

आता विषाणूकडे येऊ. विषाणूला स्वतःचे पोट नाही. त्याच्याकडे साखर जाळायची सोय नाही, प्रथिने बनवायची यंत्रणा नाही. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारण होणारा एचपीव्ही घ्या, पूर्ण नाव ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस. त्याचा डीएनए सुमारे ८ हजार अक्षरांचा. आपल्या पेशीतला सुमारे ३०० कोटी अक्षरांचा. या चिमुकल्या विषाणूला आपल्या प्रती काढायच्या असतील तर त्यासाठी लागणारी प्रत्येक वस्तू पेशीकडूनच घ्यावी लागते. आणि त्याची एक अडचण आहे. त्वचेच्या किंवा गर्भाशयमुखाच्या अस्तरात तो बारीकशा ओरखड्यातून शिरतो आणि तळाच्या थरात बसतो. त्याच्या प्रती मात्र वरच्या थरात तयार व्हायच्या असतात, म्हणजे तिथून त्या गळून दुसऱ्याकडे जातील. वरच्या थरातल्या पेशींनी विभाजन थांबवलेले असते. त्यांच्याकडे डीएनए बांधायचा माल शिल्लक नसतो आणि बांधायची इच्छाही नसते.

ही अडचण एचपीव्ही दोन प्रथिनांनी सोडवतो. त्यांची नावे ई६ आणि ई७. पेशीत आरबी नावाचे एक प्रथिन विभाजनावर लगाम ठेवून असते. ई७ त्याला धरते आणि निष्प्रभ करते. लगाम सुटताच पेशी डीएनएचा माल पुन्हा तयार करू लागते. असा लगाम सुटला की साधारणपणे पी५३ हे दुसरे प्रथिन जागे होते आणि पेशीला थांबवते किंवा मरायला लावते. ई६ पेशीतल्याच एका मदतनिसाला हाताशी धरून पी५३ नष्ट करून टाकते. पाठ्यपुस्तकात ही गोष्ट इथेच संपते आणि मला तिथेच ती अपुरी वाटते. कारण पी५३ नुसता पहारेकरी नाही, पेशीच्या खाण्यावरही त्याचा वचक असतो. ग्लुकोज अर्धवट तोडण्याच्या वाटेला तो आवर घालतो आणि तंतुकणिकेतल्या श्वसनाला लागणारे एक प्रथिन तयार करवतो. २००६ साली या दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या प्रयोगांतून पुढे आल्या. तेव्हा ई६ ने पी५३ संपवले की पेशीची पचनाची दिशाही आपोआप कलते.

ई७ तर आणखी थेट जाते. ग्लुकोज तोडण्याच्या साखळीत शेवटची पायरी पायरुव्हेट कायनेज नावाच्या एन्झाइमची. त्याचा एम२ हा प्रकार चार-चारच्या जुडीत असेल तेव्हा वेगाने काम करतो आणि जुडी फुटून दोन-दोन झाले की मंदावतो. ई७ या एन्झाइमला स्वतः चिकटते आणि जुडी फुटायला लावते, हे १९९९ साली दाखवले गेले. शेवटची पायरी मंदावली की आधीच्या पायऱ्यांवर माल साचतो आणि साचलेला माल डीएनए व इतर बांधकामाच्या वाटांना वळतो. विषाणूला नेमके हेच हवे असते.

हे सगळे ऐकताना असे वाटेल की विषाणूचा हेतूच कर्करोग घडवण्याचा आहे. तसे नाही, आणि हा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो. कर्करोग झालेल्या पेशीतून विषाणू जवळजवळ बाहेरच पडत नाही. बऱ्याचदा त्याचा वर्तुळाकार डीएनए तुटून पेशीच्या डीएनएत अडकतो, ई६ आणि ई७ ला आवर घालणारे त्याचे स्वतःचे ई२ हे जनुक त्यात मोडते आणि ही दोन प्रथिने बेसुमार तयार होत राहतात. विषाणूचा वंश तिथे संपतो. पेशीची भूक मात्र चालू राहते. विषाणूच्या बाजूने पाहिले तर हा अपघात आहे. एचपीव्हीची लागण झालेल्या बहुतेक बायकांचे शरीर दोनेक वर्षांत त्याला हुसकावून लावते. ज्यांच्यात तो टिकतो, त्यांच्यातही कर्करोग व्हायला सर्वसाधारणपणे १५ ते २० वर्षे जातात. प्रतिकारशक्ती खालावलेली असेल, उदाहरणार्थ एचआयव्हीवर उपचार झालेले नसतील, तर हा काळ ५ ते १० वर्षांवर येतो.

त्या वर्षांत आत काय चालले आहे हे बाहेरून दिसते का? दिसते, आणि तेही पेशीच्या पचनातल्या बदलामुळेच दिसते. म्हणून आता थोडे सविस्तर सांगते.

गर्भाशयमुखाच्या निरोगी अस्तरातल्या वरच्या पेशी पक्व झाल्या की ग्लायकोजेन साठवतात. ग्लायकोजेन म्हणजे ग्लुकोजची साखळी, शरीरातली साठवणीची साखर. इस्ट्रोजेन या संप्रेरकाच्या प्रभावाखाली योनिमार्गाच्या पेशीही तसाच साठा करतात. या पेशी गळतात, त्यांतली साखर तिथल्या लॅक्टोबॅसिलस जिवाणूंच्या उपयोगी पडते आणि ते तिचे लॅक्टिक आम्ल करतात. त्या आम्लपणामुळे बाकीचे उपद्रवी जंतू दूर राहतात. गाठ वाढताना जे लॅक्टिक आम्ल आपण वाईट अर्थाने पाहिले, तेच इथे रखवालदार आहे. स्त्रीच्या शरीरातली ही व्यवस्था मला नेहमीच थक्क करते, आणि शाळेच्या पुस्तकात ती कुठेच नसते याचे वाईटही वाटते.

ई६ आणि ई७ ज्या पेशींत मोकाट झाले, त्या पेशी पक्व होतच नाहीत. त्या विभाजनातच अडकतात. साखर साठवायची फुरसत त्यांना नसते. आता अशा गर्भाशयमुखाला आयोडीनचे द्रावण लावले तर काय होते पाहा. ग्लायकोजेन असलेला निरोगी भाग गडद तपकिरी होतो. विकृत पेशींचा पट्टा रंग घेत नाही, पिवळाच राहतो. व्हिएन्नाचे डॉक्टर वॉल्टर शिलर यांनी शंभरेक वर्षांपूर्वी ही चाचणी वापरात आणली, तेव्हा या विषाणूचा कुणाला पत्ताही नव्हता. आणि पहिल्या खेपेला जे लावतात ते पातळ अ‍ॅसेटिक आम्ल, म्हणजे साधारण व्हिनेगरच्या ताकदीचे. त्याने मोठ्या केंद्रकांच्या, प्रथिनांनी दाटलेल्या पेशी काही क्षण पांढऱ्या दिसतात. दोन्ही चाचण्यांना खर्च नगण्य आहे. त्या अचूक नाहीत हेही सांगायला हवे: जंतुसंसर्गाने सूज असेल किंवा पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन कमी झाले असेल तरीही आयोडीनचा रंग चढत नाही. म्हणून पिवळा पट्टा म्हणजे कर्करोग असे कुणीही समजू नये. पुढे दुर्बिणीने पाहायचे आणि लागलाच तर तुकडा काढून तपासायचा, एवढाच त्याचा अर्थ.

या विषयात एका मराठी स्त्रीचे नाव घेतल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. कमल समर्थ, लग्नानंतरच्या कमल रणदिवे, १९१७ साली पुण्यात जन्मल्या. हुजूरपागेत आणि फर्ग्युसनमध्ये शिकल्या. मुंबईत टाटा मेमोरियलमध्ये वसंत रामजी खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली १९४९ साली त्यांनी पीएच.डी. केली आणि नंतर त्या बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत पेशी शरीराबाहेर वाढवण्याचे तंत्र शिकायला गेल्या. परत येऊन इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये त्यांनी देशातली पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभारली. उंदरांच्या स्तनांच्या गाठींमध्ये विषाणू आणि संप्रेरके एकमेकांच्या साह्याने कसे काम करतात, हा त्यांच्या अभ्यासाचा मुख्य भाग होता. कर्करोगामागे विषाणू असू शकतो ही गोष्ट जगात अजून वादात असताना एक मराठी बाई परळमध्ये बसून त्यावर काम करत होती, हे आपल्या मुलींना माहीत असावे.

गाय यांच्याच प्रयोगशाळेत १९५१ साली हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय स्त्रीच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतून घेतलेल्या पेशी काचेच्या नळीत वाढू लागल्या. माणसाच्या पेशी शरीराबाहेर अखंड वाढण्याची ती पहिली वेळ. त्यांना हेला पेशी म्हणतात. ती पाच मुलांची आई त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गेली. पेशी घेताना तिला विचारले नव्हते, आणि तिच्या कुटुंबाला अनेक वर्षे काही कळलेही नाही. हा अन्याय सांगूनच हेलाबद्दल बोलले पाहिजे. या पेशींमध्ये एचपीव्हीचा १८ क्रमांकाचा प्रकार आहे हे १९८०च्या दशकात हाराल्ड त्सुर हाउझन यांच्या गटाच्या कामातून कळले. त्यांना २००८ साली नोबेल मिळाले. त्याआधीच हॅरी ईगल यांनी १९५५ मध्ये दाखवले होते की हेला पेशींना ग्लुटामिन हे अमिनो आम्ल भरपूर लागते. १९७९ च्या एका अभ्यासात तर असे निघाले की पुरेशी साखर असतानाही त्या आपली बरीचशी ऊर्जा ग्लुटामिनमधून मिळवतात. साखर बांधकामाला, ग्लुटामिन सरपणाला. आणि २००० साली येल विद्यापीठात हेला पेशींतले ई६ आणि ई७ बंद करून पाहिले, तेव्हा जवळजवळ अर्धशतक बेलगाम वाढणाऱ्या त्या पेशींनी विभाजन थांबवले. इतक्या वर्षांनंतरही त्यांचा लगाम विषाणूच्याच हातात होता.

बाकीच्या विषाणूंबद्दल थोडक्यात सांगते. माणसात कर्करोग घडवणारे म्हणून आज सात विषाणू मानले जातात. त्यांतला एपस्टाइन-बार हा विषाणू जगातल्या बहुतेक प्रौढांच्या अंगात असतो. तो रक्तातल्या पांढऱ्या पेशीत शिरल्यावर काही दिवसांतच तिच्या साखरेच्या वाटा रुंद करतो. कापोसी सार्कोमाच्या विषाणूने बाधलेल्या पेशींची साखर तोडण्याची वाट औषधाने अडवली तर त्या पेशी मरतात, निरोगी शेजारणी जगतात, हे २०१० साली दाखवले गेले. यकृताचे हिपॅटायटिस बी आणि सी हे दोघे आपल्याकडे जास्त महत्त्वाचे. बी यकृताच्या उपाशीपणाच्या संकेतांवर स्वतःची जनुके चालवतो: उंदरांना उपाशी ठेवले की विषाणूची जनुके जोर धरतात. सी यकृतातल्या चरबीच्या थेंबांवर आपली बांधणी करतो. त्यामुळे यकृत चरबीने भरते, सुजते, आणि अनेक वर्षांच्या जखमेतून कर्करोग उभा राहतो. बीला लस आहे, सीला आज गोळ्यांनी बरे करता येते. आपल्या भागातल्या तोंडाच्या कर्करोगाला मात्र तंबाखू आणि मिश्रीच मुख्यतः जबाबदार आहेत. तिथे विषाणूवर दोष ढकलून तंबाखूला सोडून देऊ नये.

आता जो प्रश्न येणार याची मला खात्री आहे तो: कर्करोग साखरेवर जगतो, तर साखर, गूळ, भात सगळे बंद केले की तो उपाशी मरेल का? नाही. तुम्ही साखर खा अथवा नका खाऊ, यकृत स्वतः ग्लुकोज तयार करून रक्तातली पातळी राखते, कारण मेंदूला ती हवीच असते. गाठीने टाकलेले लॅक्टिक आम्लही यकृताकडेच येते आणि त्याचे पुन्हा ग्लुकोज होते. या फेऱ्याला त्या कोरी दांपत्याचेच नाव आहे. गाठीला त्या ग्लुकोजमधून एटीपीचे २ रेणू मिळतात, यकृताला ते पुन्हा बनवायला ६ खर्चावे लागतात. रुग्ण खंगतो त्याची अनेक कारणे आहेत, त्यांत हा उलटा व्यवहारही एक धरला जातो. अशा वेळी त्याचे जेवण तोडणे म्हणजे त्याला आणखी अशक्त करणे आहे. मधुमेह असेल तर डॉक्टरांनी सांगितलेले पथ्य पाळावे; ते वेगळे. ग्लुकोजची किंवा ग्लुटामिनची वाट औषधाने अडवायचे प्रयत्न जगभर चालू आहेत, पण त्यांना मोठे यश अजून आलेले नाही. एक कारण उघड आहे. गाठीशी लढणारी पांढरी पेशीही लढाईत उतरताना तीच साखर, त्याच वाटेने वापरते. एकीची वाट अडवली तर दुसरीचीही अडते. या भुकेचा सर्वांत मोठा उपयोग आज निदानात होतो: पेट स्कॅनमध्ये किरणोत्सर्गी ग्लुकोजसारखा पदार्थ देतात आणि गाठ तो ओढून घेते म्हणून चित्रात उजळते.

म्हणजे पेशीचे पचन पुन्हा वळणावर आणणारे औषध अजून हातात नाही, पण ते बिघडण्यापासून कर्करोग होईपर्यंतची वर्षे हातात आहेत. त्या वर्षांत काय करता येते, हे जगाला महाराष्ट्राने दाखवले.

सोलापूर जिल्ह्यात बार्शीला नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आहे. १९८७ साली तिथे देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. टाटा मेमोरियलच्या कस्तुरी जयंत, बार्शीचे डॉ. नेने आणि त्यांचे सहकारी गावोगाव फिरत होते. त्याच गटाने १९९९ च्या ऑक्टोबरपासून उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव, जिल्ह्यात एक मोठा अभ्यास केला. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका. गावांचे ५२ गट. त्यांचे चार भाग. एका भागात एकदाच एचपीव्हीची चाचणी, दुसऱ्यात पेशींची तपासणी, तिसऱ्यात अ‍ॅसेटिक आम्ल आणि चौथ्यात नेहमीचीच व्यवस्था, म्हणजे नियमित तपासणी काही नाही. निकाल २००९ साली प्रसिद्ध झाला. तपासणी नसलेल्या भागात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने ६४ बायका दगावल्या. एचपीव्ही चाचणीच्या भागात, बायकांची संख्या थोडी जास्त असूनही, ३४. आयुष्यात एकदा झालेल्या एका चाचणीने मृत्यू जवळजवळ निम्मे झाले. मुंबईच्या वस्त्यांमधल्या दुसऱ्या अभ्यासात दहावीपर्यंत शिकलेल्या आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी अ‍ॅसेटिक आम्लाची चाचणी केली आणि मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. तो निकाल २०१४ चा. तुलनेसाठीच्या बायकांना तपासणीविना का ठेवले, या प्रश्नावरून या अभ्यासांवर कडक टीका झाली आणि ती गंभीरपणेच घ्यावी लागेल. माझे मत असे की त्या ६४ जणींचे आपल्यावर ऋण आहे, आणि निकाल हाती आल्यावरही तपासणी सर्वदूर न नेणे हा त्या ऋणाचा अपमान आहे. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ३० ते ४९ वयाच्या भारतीय बायकांपैकी गर्भाशयमुखाची तपासणी कधीतरी झालेल्या फक्त १.९ टक्के निघाल्या. देशात २०२२ या एका वर्षात या कर्करोगाचे सव्वा लाखाच्या वर नवे रुग्ण आणि सुमारे ८० हजार मृत्यू झाल्याचा अंदाज आहे.

लशीतही या मातीचा वाटा आहे. २००९ साली सुरू झालेल्या एका अभ्यासात बार्शी आणि पुण्यासह देशातल्या अनेक केंद्रांवर सतरा हजारांहून अधिक मुलींना एचपीव्हीची लस दिली गेली. २०१० मध्ये दुसऱ्या एका लसप्रकल्पावरच्या वादामुळे सरकारने लसीकरण थांबवले आणि हजारो मुलींना एकच मात्रा मिळाली. त्यांचा पाठपुरावा मात्र सोडला नाही. २०२१ साली दिसले की एक मात्राही १६ आणि १८ क्रमांकांच्या चिवट लागणीपासून जवळजवळ पूर्ण मात्रांइतकेच संरक्षण देते. पुढच्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने एका मात्रेला मान्यता दिली. पुण्याच्या सीरम संस्थेची लस २०२३ च्या जानेवारीपासून बाजारात आली. या लशीत विषाणूचे नुसते बाहेरचे कवच असते. डीएनए नसतो, ई६ नसते, ई७ नसते. त्यामुळे ती पेशीच्या आत काही उलथापालथ करूच शकत नाही. मुलीला मूल होणार नाही अशी कुजबूज ऐकली असेल, तर तिला या शास्त्रात काहीही आधार नाही. लस ९ ते १४ या वयात, लागण होण्याआधी, द्यायची. लस घेतलेल्या मुलीनेही तिशीनंतर तपासणी चुकवायची नाही, कारण १६ आणि १८ मिळून या कर्करोगाच्या सुमारे ७० टक्के घटनांना जबाबदार आहेत, सगळ्यांना नव्हे.

आणि आता ज्यासाठी मी आले ते सांगते. आपला जिल्हा उसाचा. दर गळीत हंगामात मराठवाड्यातून टोळ्या येतात, फडाच्या कडेला कोप्या पडतात. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांची पाहणी झाली. ८२ हजारांहून अधिक बायकांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशयाची पिशवी काढलेली होती. अंगावरून पांढरे जाते, पोट दुखते म्हणून डॉक्टरकडे गेले, आणि पिशवी काढली नाही तर कॅन्सर होईल असे सांगितले गेले, असे त्यांतल्या अनेकींनी सांगितले. काम बुडाले की मजुरी कापली जाते, मुकादमाची उचल अंगावर असते. अशा बाईला ती भीती पुरेशी होते. मी जीवरसायनशास्त्राची शिक्षिका म्हणून स्पष्ट सांगते: अंगावरून पांढरे जाणे म्हणजे कर्करोग नव्हे. ते बहुतेक वेळा औषधाने बरे होणाऱ्या जंतुसंसर्गाचे लक्षण असते. गर्भाशयमुखात विषाणूने बदल घडवला असेल तर तो चाचणीत दिसतो, आणि वेळेत दिसला तर बाधित भाग गोठवून किंवा जाळून बाह्यरुग्ण विभागात, त्याच दिवशी काढता येतो. त्यासाठी तिशीतल्या बाईची पिशवी काढावी लागत नाही. अंडाशयेही गेली असतील तर हाडे ठिसूळ होण्यापासून हृदयापर्यंत त्याची किंमत ती पुढे आयुष्यभर मोजते. ज्या कर्करोगाची भीती घालून एवढ्या शस्त्रक्रिया झाल्या, त्याची साधी तपासणी त्यांतल्या किती जणींची आधी झाली असेल, हा प्रश्न मला अस्वस्थ करतो.

माझी मागणी मोठी नाही. जिल्ह्यातल्या प्रत्येक साखर कारखान्याने हंगाम सुरू झाल्यावर पहिल्या महिन्यात कारखान्याच्या आवारात तपासणीचे दिवस ठेवावेत. त्या दिवसाची मजुरी बाईला द्यावी, खाडा धरू नये. तपासणी स्त्री आरोग्यसेविकेने करावी, पडद्याआड, तिला आधी समजावून आणि तिची संमती घेऊन. ज्यांच्यात काही सापडेल त्यांचा उपचार हंगाम संपून त्या गावी परतण्याआधी इथेच पुरा व्हावा, आणि कागद त्यांच्या हातात द्यावा. कोपीवरच्या ९ ते १४ वयाच्या मुलींना लस मिळावी. या सभागृहात कारखान्यांचे सभासद आहेत, संचालक आहेत, डॉक्टर आहेत, शिक्षक आहेत. वार्षिक सभेत हा ठराव मांडायला एक सूचक आणि एक अनुमोदक लागतो. येत्या सभेत तो मांडा.